आधी चासी, मग इंजिन: ठाण्यातल्या एका थारचं प्रकरण

गाडी महिंद्रा थार सीआरडीई (डिझेल), फोर बाय फोर, म्हणजे गरज पडली की चारही चाकं ओढणारी. एप्रिल २०११मध्ये एमएच ०४ला नोंदलेली, १ लाख ६२ हजार किलोमीटर चाललेली. मालक कृषी खात्यातून निवृत्त झालेले, वय ६७, राहायला कोलशेत रोडला. घरात रोजच्या वापराला पेट्रोल हॅचबॅक आहे. थार ठेवलीय ती मुरबाड तालुक्यातल्या जमिनीसाठी. टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या अंगाला साडेतीन एकर भातशेती आणि बांधावर आंब्याची झाडं.

२०२५च्या दिवाळीनंतर गाडीने एकेक कुरबुर काढली. चढाला काळा धूर, पिकअप गायब. क्लच अगदी वर आल्यावर पकडायचा. खड्ड्यात पुढून खडखड. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, दांडा फोर-व्हीलला टाकला तरी पुढची चाकं ओढायची नाहीत. वर एप्रिल २०२६ला नोंदणीची पंधरा वर्षं संपणार होती.

वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजने सगळ्याचा मिळून ३ लाख ४० हजारांचा अंदाज दिला. त्यातले १ लाख ४० हजार इंजिन खोलायचे, ५५ हजार पूर्ण रंगाचे. एक दलाल गाडी आहे तशी ३ लाखांना उचलायला तयार होता. ऐरोलीला नोकरी करणाऱ्या मुलाने दोन आकडे शेजारी ठेवले आणि विषय संपवला: "बाबा, तीन लाखांच्या गाडीला साडेतीन लाख लावायचे? विकून टाका."

जुन्या गाड्या घेण्याआधी तपासून देणं हे माझं काम. काकांनी मला बोलावलं ते, माझा अंदाज आहे, मुलाच्या विरुद्ध साक्षीदार म्हणून.

मुलाचा हिशेब बहुतेक लोक करतात तोच आहे आणि तो अपुरा आहे. बाजारभाव म्हणजे गाडी दिली तर हातात येणारे पैसे. तेच काम करणारी दुसरी गाडी आणायला किती लागतील, हा आकडा निराळा. पण या दोन्ही आकड्यांच्या आधी एक गोष्ट बघायची असते: या गाडीत असं काय आहे जे पैसे टाकूनही नीट होणार नाही? इंजिन होतं, गिअरबॉक्स होतो, हब मिळतात, स्प्रिंगचे पाटे मिळतात. सांगाडा, म्हणजे चासी, गंजाने खाल्लेला असेल तर बाकी सगळा खर्च चिखलात. थार ही सांगाड्यावर बांधलेली गाडी; बॉडी वेगळी, चासी वेगळी. वरचा पत्रा सडला तर तो कापून नवा लावता येतो. चासीत पाट्यांचे ब्रॅकेट जिथे जोडलेत तिथे गंज आत शिरला असेल, तर मी कोणालाही एक रुपया लावू देत नाही.

म्हणून इंजिनचं झाकणही न उघडता गाडी रॅम्पवर घेतली.

खाली काय दिसलं

पावसाळी शेतात फिरणाऱ्या गाडीला गंज बाहेरून चढत नाही, आतून चढतो. चासीच्या पेटीसारख्या भागात चिखल जाऊन बसतो, पाणी निघून जायच्या भोकांना माती लिंपली जाते आणि ओल मार्चपर्यंत आत राहते. काका गाडी दर वेळी धुवायचे, पण वरून. खालून कोणी धुतली नव्हती.

तपासायला महागडं काही लागत नाही. छोटी हातोडी, जाड स्क्रूड्रायव्हर, बॅटरी. चासीवर ठोकत जायचं. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं, खाल्लेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं की तिथे स्क्रूड्रायव्हर टोचायचा. मालक सोबत असलेला बरा, कारण स्क्रूड्रायव्हर आरपार गेल्यावर त्याला दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही.

मागचा आडवा बीम, ज्याला टोइंगचा हुक असतो, डाव्या बाजूला आरपार गेला. बॉडी चासीवर बसते त्या ब्रॅकेटपैकी डावीकडचं मागचं एक सुटायला आलेलं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा रबरी मॅटखाली चाळण झालेला. हे सगळं वाईट होतं, पण त्या जागा करता येण्यासारख्या होत्या. मला खरी भीती होती ती मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटची आणि पुढच्या चाकांना स्प्रिंगचं काम देणारी सळई, टॉर्शन बार, जिथे अडकते त्या बीमची. तिथे दोन्ही बाजूंनी ठोकून पाहिलं, वायर ब्रश मारून पुन्हा ठोकलं. आवाज खणखणीत. वरवरचा तांबूस थर, खाली लोखंड शाबूत.

दुसरी बघायची जागा म्हणजे चासी नंबर. नूतनीकरणाच्या वेळी निरीक्षक तो नंबर पडताळतो. तिथला पत्रा फुगून आकडे पुसले गेले असले, तर परवानगी काढून नंबर पुन्हा ठोकून घ्यायची वेगळी वारी सुरू होते. इथला नंबर स्पष्ट होता.

गॅरेजच्या अंदाजात चासीसाठी एकच ओळ होती: अंडरबॉडी कोटिंग, १२ हजार. गंजावर काळा लेप म्हणजे गंजाला पांघरूण. ओल आत कोंडते आणि पुढच्या वेळी हातोडी मारली तरी नीट ऐकू येत नाही. वापरलेली गाडी घेणाऱ्याने तर ताज्या काळ्या लेपाला चमकत्या रंगापेक्षा जास्त घाबरावं.

इंजिन आणि हब

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. हवा कमी का, हे न बघता इंजिन खोलायला सांगणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. दुसऱ्या, कापूरबावडीच्या बाजूच्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, वाफेचा जोर नव्हता. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं भरलं. मग म्हणाला, "काका, इंजिनला हात लावू नका. याच्या पोटात काही नाही, नळीत आहे." टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला नेणारी रबरी नळी क्लॅम्पजवळ फाटलेली होती, लोड आला की उघडायची आणि हवा बाहेर. इंजेक्टरची परतीच्या डिझेलची चाचणी घेतली तेव्हा चारपैकी दोन इंजेक्टर जास्त डिझेल परत टाकताना सापडले. नळी, दोन इंजेक्टरची दुरुस्ती, सफाई, मजुरी धरून ३८ हजार. १ लाख ४० हजारांच्या जागी.

फोर बाय फोरचं दुखणं पुढच्या हबमध्ये होतं. या थारला आपोआप लॉक होणारे हब येतात. दांडा टाकला की फिरण्याच्या जोराने हब चाकाला शाफ्टशी जोडतो. पुन्हा टू-व्हीलला आल्यावर गाडी थोडी मागे घेतली की सोडतो. आत चिखलाचं पाणी शिरून ग्रीस घट्ट झालं की हा खेळ बिघडतो. आणि वर्षातले सात-आठ महिने फोर-व्हील न लावणाऱ्याचा हब हमखास बिघडतो. काकांची दुसरी सवय याच्या उलट बाजूची: पावसात कल्याणच्या पुढे लागलं की डांबरावरच फोर-व्हील लावायची, "ग्रिप राहते" म्हणून. या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये डिफरेन्शियल, म्हणजे त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक मोकळा होतो; डांबरावर तो ताण प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांवर, म्हणजे क्रॉसवर, आणि गिअरांवर बसतो. क्रॉस दोन्ही झिजलेले होते, ते त्यामुळेच. पुढच्या एक्सलच्या हाऊसिंगचं ऑइल काढलं तर दुधासारखं पांढरट, म्हणजे ओढ्याचं पाणी सीलमधून आत.

इथे मेकॅनिकने हाताने फिरवायचे हब सुचवले. मला पटलं. मोडण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. काकांनी विचारलं, "म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने चिखलात उतरून हब फिरवायचे?" त्याची गरज नाही. टोकावड्याला चहाला थांबतात तिथेच डांबरावर हब लॉक करायचे. दांडा टू-व्हीलवर असला तर लॉक हबने काही बिघडत नाही. मग ओढ्याशी बसल्या जागी दांडा टाकायचा. हब १६ हजार, पुढच्या हाऊसिंगची सीलं आणि बेअरिंग १२ हजार, क्रॉस ६ हजार.

बाकीचं भरभर सांगतो. क्लच सेट मजुरीसह १८ हजार. पुढचे बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बुश २२ हजार. चासी आणि तळाचा पत्रा ४८ हजार. चार टायर ३६ हजार. एकूण १ लाख ९६ हजार. एसी आणि पूर्ण रंग मी यादीतून काढले. शेतावरच्या गाडीला ते शोभेचे खर्च. एसीवर काकूंचं मत वेगळं होतं आणि ते त्यांनी स्पष्ट सांगितलं.

पण फोर बाय फोर लागतेच का?

हे न विचारता पुढे जाणं म्हणजे भावनेला बिल फाडून देणं. गावापर्यंत आता काँक्रीटचा रस्ता आहे. पुढे पाऊण किलोमीटर बैलगाडीची वाट, मध्ये ओढा, पलीकडे चिकण माती. नोव्हेंबर ते मे हॅचबॅकही ओढ्याच्या काठापर्यंत जाते. अडचण जूनच्या शेवटापासून भात कापेपर्यंत.

मुलाने सुचवलं, तेवढ्यापुरता ट्रॅक्टर सांगायचा. जुलैत मुरबाडमध्ये ट्रॅक्टर मागून बघावा. जो तो स्वतःच्या चिखलणीत. मी स्वतः मागच्या डिफरेन्शियलला लॉक (एक चाक घसरलं की दोन्ही एकत्र फिरवणारं) असलेल्या टू-व्हील ड्राइव्ह गाडीचा विचार केला, बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलला तो मिळतो. चिखलाच्या वाटेपुरता तो पुरला असता. पण ओढ्यातून वर यायचा चढ खतांच्या गोणी घेऊन माणसाच्या चालीने चढायचा, तर लो रेंज, म्हणजे फोर बाय फोरचे सावकाश पण जास्त जोराचे गिअर, लागतेच. क्लच जाळत चढणं म्हणजे दर पावसाळ्याला एक क्लच. तेव्हा फोर बाय फोरची गरज खरी, पण वर्षातल्या चार महिन्यांची आणि पाऊण किलोमीटरची.

मग पैशाचा हिशेब मांडला. तीन वाटा होत्या.

नवी थार, डिझेल, हार्डटॉप, फोर बाय फोर: २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या एसयूव्हीवरचा जीएसटी ४० टक्क्यांवर आल्यानंतरही शोरूमची किंमत तेव्हा १६ लाखांच्या आसपास होती, रस्त्यावर येईपर्यंत साडेएकोणीस. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या खाजगी डिझेल गाडीला एकरकमी कर १४ टक्के, म्हणजे नुसता कर सव्वादोन लाखांच्या घरात. जुन्या गाडीची सगळी दुरुस्ती त्याहून कमी. पाच वर्षांनी ही गाडी ११ लाखांना गेली असं धरलं, तर घसारा वर्षाला १ लाख ७० हजार. मारुतीची छोटी फोर बाय फोर जिम्नी स्वस्त पडली असती, पण गोणी आणि चार माणसं एकत्र बसवायची म्हटल्यावर ती बाद झाली.

दुसरी वाट, २०१६ची वापरलेली थार, ७ लाख. २०१५च्या बदलानंतरच्या या गाड्यांना मागे आपोआप लागणारा डिफरेन्शियल लॉक मिळाला, तो चिखलात मोठा आधार. टायर, क्लच, नाव बदलणं यांना ६० हजार धरले, पाच वर्षांनी ४ लाख परत. निव्वळ ३ लाख ६० हजार.

तिसरी, आपलीच गाडी. मी कागदावर १ लाख ९६ हजार लिहिले, वर कागदपत्रांचे धरून २ लाख १० हजार. इथे मुलाने मला अडवलं. "आणि दलाल देतोय ते तीन लाख? गाडी ठेवली म्हणजे तेही घातलेच की." बरोबर होतं. ३ लाख अधिक २ लाख १०, वजा पाच वर्षांनी येणारे दीडेक लाख. निव्वळ ३ लाख ६० हजार.

म्हणजे आपली गाडी आणि २०१६ची, बरोबरी. आणि गंमत अशी की २०१६च्या गाडीची पंधरा वर्षं २०३१लाच भरतात. काकांच्या गाडीचं नूतनीकरण झालं की तेही २०३१पर्यंतच. सात लाख मोजून कागदावर आयुष्य फार तर काही महिन्यांनी वाढत होतं.

अशा बरोबरीत मी माहीत असलेल्या गाडीला कौल देतो. काकांच्या गाडीखाली कुठे काय आहे ते आम्ही ठोकून पाहिलं होतं. विक्रीला असलेल्या दोन थार बघितल्या. एकीला खालून नुकताच काळा लेप मारलेला, मालक हातोडी लावू देईना. दुसरीच्या मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटशी जुनं वेल्डिंग.

नव्या गाडीचा विषय काकूंनी संपवला. मुलाला म्हणाल्या, "वीस लाखांची गाडी तू त्या ओढ्यात घालशील का रे? तुझे बाबा तर काठावर उभी करून चालत जातील." कोणीच काही बोललं नाही, कारण ते खरं होतं.

ज्यावर मी अडलो

एक बाजू अशी होती जिथे नवी गाडी सरळ जिंकते. २०११च्या थारला ना एअरबॅग, ना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा). मागे समोरासमोर आडव्या सीट, त्यावर नातवंडं बसून ठाण्याहून मुरबाडला जायची. २०२०मध्ये आलेल्या नव्या थारला ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत मोठ्यांच्या आणि मुलांच्या, दोन्ही सुरक्षेसाठी पाचपैकी चार तारे मिळाले. हा फरक पैसे वाचले म्हणून गिळता येत नाही. घरात ही एकच गाडी असती, तर चासी कितीही खणखणीत असो, मी बदला असंच सांगितलं असतं. इथे हॅचबॅक होती म्हणून अट घालता आली: मुलं हॅचबॅकमधून गावापर्यंत, थारमध्ये फक्त पुढच्या दोन सीट आणि मागे सामान. काकांना हे आवडलं नाही. सूनबाईंनी मात्र तिथेच मान डोलावली आणि माझ्या मते सगळ्या चर्चेतला सर्वात पक्का निर्णय तो झाला.

कागद

मुलाला कोणीतरी सांगितलं होतं की दहा वर्षांपुढची डिझेल गाडी चालवताच येत नाही. तो वाद दिल्ली-एनसीआरचा. महाराष्ट्रात तशी वयाची बंदी नाही. खाजगी गाडीला पंधरा वर्षांनी तपासणी होऊन पुढे पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं. अर्ज फॉर्म २५वर, मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत. फी ५ हजार, उशीर झाला तर चारचाकीला दर महिन्याला ५०० रुपये, शिवाय पर्यावरण कर वेगळा. वीस वर्षं ओलांडलेल्या गाड्यांची फी ऑगस्ट २०२५मध्ये १० हजार झाली, तेव्हा २०३१चा हिशेब आजच्याहून वेगळा असेल. २०१९च्या एप्रिलआधीची गाडी म्हणून एचएसआरपी नंबरप्लेटही बसवून घ्यायची होती. भंगारात द्यायचा पर्याय मी नावापुरताच तपासला. केंद्राच्या भंगार धोरणात भंगाराची किंमत नव्या गाडीच्या ४ ते ६ टक्के धरलीय, दलाल त्याच्या तिप्पट-चौपट देत होता.

तपासणीला जायच्या आधी पुढचा लोखंडी बुलबार काढला. असे बार केंद्राने २०१७च्या डिसेंबरातच बेकायदा ठरवले आहेत. छतावरची एलईडीची पट्टीही उतरवली. टायर कंपनीच्याच मापाचे, २३५/७० आर १६ घेतले. रुंद टायरची हौस काकांना होती, पण नोंदणीत जे नाही ते निरीक्षकापुढे न्यायचं नाही.

काम कसं झालं

क्रम मी ठरवून दिला: आधी चासी, ती मनासारखी झाली तरच पुढचे पार्ट मागवायचे. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडली, नाहीतर इंजिनचा संगणक जायचा. डिझेलची टाकी उतरवली. मागचा बीम डावीकडे कापून नव्या जाड पट्टीने बांधला, जुन्यावर नुसतं ठिगळ मारलं नाही. पाणी जायची भोकं पुन्हा पाडली. पेटीच्या आत मेणासारखा गंजरोधक फवारला, वरून साधा प्रायमर आणि रंग, पुढच्या वेळी हातोडीला ऐकू यावं असा पातळ.

तळाचा पत्रा उघडल्यावर खर्च वाढला. डावीकडच्या सीटखालचा भागही गेलेला निघाला आणि पत्राकामाचे ४८ चे ६३ हजार झाले. क्लच काढल्यावर फ्लायव्हील लेथवर न्यावं लागलं, त्याचे २ हजार. एकूण २ लाख १३ हजार, कागद धरून २ लाख २७ हजार. म्हणजे २०१६च्या गाडीपुढे आपली गाडी हिशेबात सतरा हजारांनी हरली. मुलाने ते लक्षात ठेवलंय.

तपासणी एका फेरीत झाली. नोंदणी २०३१पर्यंत. धूर गेला, माळशेजचा घाट तिसऱ्या गिअरवर चढते. एसी अजून बंद आहे आणि त्यावरची बोलणी घरात चालू आहेत.

पुढचं ठरवून ठेवलंय, म्हणजे तेव्हा भांडायला नको. दर वर्षी भातकापणी झाल्यावर गाडी खालून प्रेशरने धुवायची, रॅम्पवर घेऊन त्याच जागा ठोकायच्या. महिन्यातून एकदा शेताच्या वाटेवर हब लॉक करून थोडं फोर-व्हीलमध्ये चालवायचं, मोसम कुठलाही असो, डांबरावर नाही. मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटवर हातोडी बद्द वाजली, तर गाडी त्याच महिन्यात विकायची, मग त्या वेळी इंजिन कितीही गोड चालत असो. वर्षाला साठ हजारांवर दुरुस्ती गेली, तरी तेच. हे काकांनी माझ्यासमोर आरसी बुकाच्या पाकिटात लिहून ठेवलं, आणि मुलाने त्याचा फोटो काढून घेतला.